पराचा कावळा होतो, मग खत का होत नाही?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपल्याला आठवत नसेल, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या प्रदर्शनात आपण माझ्या टेबलापाशी थांबलात, तपकिरी पावडरची बाटली हातात घेतलीत, फोटो काढून घेतलात आणि म्हणालात, "पिसांपासून? वा! पंधरा दिवसांत शेडला जागा देतो." चौदा महिने झाले. जागा आली नाही, काल पावती मात्र आली. दुकानामागे पिसांची पोती सापडली म्हणून ५,००० रुपये दंड.

माझं चिकनचं दुकान आहे. रोज ८० कोंबड्या कापतो. दोन किलोच्या कोंबडीमागे १००-१२५ ग्रॅम पिसं धरा, म्हणजे दिवसाला ९ किलो, तीही कोरडी. शहरात अशी ५०० दुकानं तरी असतील. मी मोजलेली नाहीत, पण तुम्हीही मोजलेली दिसत नाहीत, तेव्हा माझाच आकडा चालू द्या. रोजचे साडेचार टन! जातात कुठं? रात्री पोतं नाल्यात, नाला पंचगंगेत. २०१९ आणि २०२१ चा महापूर ओसरल्यावर गाळातून काय काय निघालं, ते हेलिकॉप्टरातून दिसत नाही.

आणि हे पीस म्हणजे ९० टक्के प्रथिन आहे, साहेब. केराटिन. आपल्या केसांत, नखांत असतं त्याच जातीचं. गंधकाच्या बंधांनी इतकं घट्ट विणलेलं की तसंच खाऊ घातलं तर पचत नाही. म्हणून दाबाखालच्या वाफेवर शिजवायचं, १४० अंशांच्या वर, अर्धा तास तरी. घरचा कुकर १२० च्या आसपास थांबतो (हे बायकोचे दोन कुकर गेल्यावर कळलं). कमी शिजलं तर पचत नाही, जास्त शिजलं तर कस जातो. जमलं की वाळवून दळायचं. कोंबडीखाद्यात थोडंच चालतं, लायसिन हा प्रथिनातला गरजेचा घटक कमी पडतो. पण नत्र १२ टक्क्यांच्या वर, उसाला खुशाल घाला.

यासाठी मी पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज काढलं. वाफेनं मनगट भाजलं, डाग अजून आहे. वासामुळं शेजारी बोलायचे बंद झाले. मुलीला बघायला आलेले पाहुणे चहा न घेता उठले. तालमीत पोरं मला 'पीसमहाराज' म्हणतात. म्हणू देत.

आणि तुमची टेबलं? पहिलं म्हणालं हा कचरा, दुसरं म्हणालं हा उद्योग, तिसरं म्हणालं हे पशुखाद्य, चौथं जेवायला गेलं होतं. शेवटी पत्र आलं, पिसं आमच्या यादीत कच्चा माल म्हणून नाहीत. उसाच्या चिपाडावर वीज होते, मळीचं इथेनॉल होतं, तिथं सगळ्या याद्या रातोरात बदलतात. कारण चिपाडाला चेअरमन असतो. पिसांना कोण आहे? इथं परवानगी मागणारा दंड भरतो आणि नाल्यात टाकणारा सुखानं झोपतो.

मागणं एवढंच: वस्तीबाहेर एक शेड, आणि दुकानांतली पिसं गोळा करायला एक गाडी. तेही होणार नसेल तर निदान ती बाटली परत पाठवा. फोटोनंतर आपले साहाय्यक ती घेऊन गेले. नमुन्याची माझ्याकडची शेवटची होती.

आपला,
चिकनवाला, कोल्हापूर

सोबत: दंडाच्या पावतीची झेरॉक्स