ते ‘संग्रहित छायाचित्र’ माझे आहे

महोदय,

समाजमाध्यमांवर आपली प्रतिमा कशी जपावी, हा कालच्या पुरवणीतला लेख चहा गार होईपर्यंत वाचला. लेखिकाबाईंनी मेहनत घेतली आहे, वादच नाही. डीपी कोणाला दिसू द्यावा, प्रोफाइलला कुलूप कसे लावावे, कुणी टॅग केले तर ते आधी आपल्याकडे मंजुरीला कसे यावे, सगळे चित्रांसकट दिले आहे. एवढेच राहिले की, ज्याचे खातेच नाही त्याने कुलूप कशाला लावायचे?

मी फेसबुकवर नाही, इन्स्टाग्रामवर नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यावर डीपी गणपतीचा आहे. तरी या गावात मला तोंडाने ओळखणारे लोक आमच्या भावकीपेक्षा जास्त भरतील. कारण एक ब्लँकेट.

ऑगस्ट 2019. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले होते आणि गावभागातले आमचे घर माळ्यापर्यंत बुडाले होते. आम्ही दोघे विश्रामबागेकडच्या एका शाळेत. अंगात जावयाचा टी-शर्ट, खाली नातवाची बर्म्युडा, चार दिवसांची दाढी. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 31 वर्षे दिवाणजी होतो, बिनइस्त्रीच्या शर्टात कधी गादीवर बसलो नाही. असो. दुपारी सहा-सात मंडळी ब्लँकेटे घेऊन आली. मला एक दिले. मी हात जोडले. तेवढ्यात मोबाईलवाला म्हणाला, ‘‘काका, जरा परत द्या की. डोळे मिटल्यात तुमचे.’’ मी ब्लँकेट परत दिले. त्यांनी ते मला पुन्हा दिले. ‘‘इकडं बघा, हां, जरा हसा.’’ घर पाण्यात आणि म्हणे हसा. हसलोही, कारण मागे रांग खोळंबली होती.

तो फोटो मी नंतर भिंग लावून पाहिला. ब्लँकेटला कोपरे चार आणि हात सात, त्यातले माझे दोन. खाली ओळ : ‘पूरग्रस्त वृद्धास मायेची ऊब’. तेव्हा मी 61 वर्षांचा होतो आणि रोज सायकलने कामावर जात होतो, हे संपादकसाहेब, नोंदवून ठेवावे. ब्लँकेटबद्दल तक्रार नाही. चांगले आहे, अजून वापरात आहे.

पुढची गंमत बँकेत कळली. पासबुक भरायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, ‘‘काका, तुम्ही ते ब्लँकेटवाले का?’’ आणि त्याने मोबाईल पुढे केला. माझे मुंडके कापून स्टिकर केलेले, खाली ‘शुभ रात्री’. डोळे मिटलेले! म्हणजे नापास झालेला पहिला फोटोही वाया गेला नव्हता. एका ग्रुपात 1024 माणसे मावतात असे नातू सांगतो. किती ग्रुपांत मी लोकांना झोपवतो आहे, देव जाणे.

फोटो समाजमाध्यमावरून काढून टाका म्हणून त्या मंडळींना भेटलो. चहा पाजला, मान्य. ‘‘अहो काका, त्यात वाईट काय हाय? अकराशे लाईक पडल्यात.’’ मग नातवाने त्या समाजमाध्यमाच्या कंपनीकडे रीतसर तक्रार टाकली. दोन दिवसांत उत्तर आले, नियमांचा भंग होत नाही. कुणाच्या नियमांचा, ते लिहिले नव्हते. नात वकिली शिकते. ती म्हणाली, ‘‘आबा, 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलंय, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे.’’ म्हणजे मी बर्म्युडात उभा होतो तेव्हा हा हक्क दोन वर्षांचा होत आला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. 2023 ला डेटा संरक्षणाचा कायदाही झाला, पण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्यात धरत नाहीत म्हणे. आता आमचे ब्लँकेट घरगुती की निवडणुकीचे, हे तिलाही सांगता येईना.

आमच्या घरातही पाप आहे, लपवत नाही. पणतीच्या आंघोळीचा व्हिडिओ आमच्या सौ.नी स्टेटसला ठेवला होता. नातीने आरडाओरडा करून काढायला लावला, तेव्हा मी सौ.चीच बाजू घेतली. म्हटले, लेकरूच आहे, त्याला काय कळतंय.

आता तुमच्याकडे येतो. दर पावसाळ्यात पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की तुमच्या पानावर हाच फोटो उगवतो, खाली बारीक टायपात ‘संग्रहित छायाचित्र’. 2021 च्या पुरात छापलात, गेल्या वर्षीही छापलात. एकदाही कुणी विचारले नाही की बाबा, आहेस का आणि चालेल का. त्याच पेपरात काल ‘फोटो टाकण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्या’ असे चौकटीत छापून आले! वाचून मी सौ.ना हाक मारून दाखवले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘चौकट बरी दिसतीय.’’

यंदा फोटो हवाच असेल तर आयर्विन पुलाचा छापा. 1929 पासून उभा आहे, पाण्याची पातळीही त्यावरूनच कळते आणि त्याची काही हरकत नसेल.

आपला,
एक वर्गणीदार, गावभाग, सांगली
(नाव छापू नये. फोटो तर नकोच.)

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे गेले तीन आठवडे आलेली नाहीत. आडवे 14 अजून अडून आहे.