तिसरी बॅटरी घेऊ नकोस

औसा,
रविवार दुपार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस आणि मधेच रेंज गेली, म्हणून बसून लिहायलोय. तुझी दुचाकी सोमवारी सोमवारी उठत नाही आणि मेकॅनिक तिला तिसरी बॅटरी घ्या म्हणतोय, असं म्हणालीस. घेऊ नकोस. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या गेल्या म्हणजे दोन्ही खराब निघाल्या असं नाही. त्यांना कोणीतरी रिकामं करायलंय. पंपाचा फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार बांधणारे लोक तू दुकानात लहानपणापासून पाहिलेस. फ्यूज मग उडत नाही, मोटार जळते आणि आतली तार नव्यानं भरायला माझ्याकडं येते. त्यावरच तुमची शिक्षणं झाली, पण तू तसलं गिऱ्हाईक होऊ नकोस.

दिवाळीत दिलेलं करंट-व्होल्ट मोजायचं मीटर काढून तू आकडे पाठवलेस, बरं वाटलं. आता ते वाचायचे कसे ते सांगतो. सकाळी किल्ली बंद असताना 11.8 व्होल्ट आले. भरलेली बॅटरी रात्रभर नुसती ठेवली तर 12.6 ते 12.8 दाखवते. 12.4 ला पाऊण भरलेली समज. 12 च्या खाली गेली की सेल्फ नुसता टकटक करतो, जे तुझं व्हायलंय. पण मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा आकडा. गाडी चालू करून रेस दिल्यावर 14.1. हा आकडा 13.8 ते 14.5 च्या मधे असला की इंजिनातली करंट तयार करणारी कॉइल आणि त्याला आवरून बॅटरीला देणारा रेग्युलेटर, दोघंही आपलं काम करतायत. 13 च्या खालीच अडकला असता तर मी कॉइलवर संशय घेतला असता. ती तांब्याच्या तारेचीच असते, आपल्या मोटारीसारखी. तीन पिवळ्या वायरी बाहेर येतात, कपलर म्हणजे वायरींची प्लगसारखी जोडणी सोडून दोन-दोनच्या तिन्ही जोड्यांत सारखा एसी व्होल्टेज यायला पाहिजे आणि एकही वायर बॉडीला लागता कामा नये. आकडा 15 च्या वर गेला असता तर रेग्युलेटर गेला म्हणायचं. तो बॅटरी उकळून मारतो. तुझ्या गाडीत यातलं काही नाही. म्हणून कोणी कॉइल बदलू म्हणालं तर हसून निघून ये.

मग करंट जातो कुठं? तूच सांगितलंस. रोज फिरतीवर असलीस की गाडी मुकाट उठते. शुक्रवारी संध्याकाळी खोलीसमोर लावून एसटीने इकडं आलीस की सोमवारी मेलेली. म्हणजे गाडी उभी असतानाच गळती आहे, रांजणाला बारीक चीर असावी तशी. हिशेब करून बघ. तुझ्या बॅटरीवर 4 एएच लिहिलंय, म्हणजे 4 अँपिअर-तास. 60 मिलीअँपिअर जरी गळत असेल तरी 66 तासांत ती कोरडी. शुक्रवार संध्याकाळचे सहा ते सोमवार सकाळचे नऊ, 63 तास होतात! चांगल्या गाडीत ही गळती दोन-चार मिलीच्या आत असते, महिनाभर उभी राहिली तरी चालते.

आता तपासायचं असं. किल्ली काढून घे. आधी बॅटरीची निगेटिव्ह, काळी वायर सोड. लाल कधीच आधी सोडायची नाही, पाना फ्रेमला टेकला की ठिणगी. माझ्या अंगठ्याजवळचा डाग तसाच आलाय, आईला मी वेगळं कारण सांगितलं होतं. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घाल, एक टोक सोडलेल्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लाव. हे लावलेलं असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फला हात लावायचा नाही. 0.06 दिसलं तर ते 60 मिली. मग एकेक जोडणी काढत जा आणि आकडा कधी पडतो ते बघ. जिथं पडला तिथं चोर. झालं की लाल पिन आठवणीनं व्होल्टच्या भोकात परत घाल. ती विसरून व्होल्टेज मोजायला गेलं की सरळ शॉर्ट. एक मीटर मी तसंच जाळलंय, आणि मी स्वतःला इलेक्ट्रिशियन म्हणवतो.

सुरुवात कुठून कर ते सांगू? तू बॅटरीचा फोटो पाठवलास, त्यात किल्ली तुझ्या हातात आहे आणि मागं हँडलवर मोबाईल चार्जरचे लाल आकडे चमकायलेत. किल्ली काढली तरी तो जागाच. ज्यानं बसवला त्यानं थेट बॅटरीवर जोडलाय. माझा पहिला संशय त्याच्यावर, पण मोजल्याशिवाय त्याला फाशी नको. दुसरा संशय पाण्याचा. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा पंचनाम्यांसाठी तू परंड्याकडं याच गाडीवर पाण्यातून फिरलीस. सीटखालचे कपलर उघडून बघ, पिनांना हिरवट मळ चढलाय का. असला तर तिथूनही थेंब थेंब जातो.

चार्जरच निघाला तर तो काढून टाकू नकोस, फिरतीत मोबाईल लागतोच. किल्ली फिरवल्यावरच जी वायर जिवंत होते तिच्यावर फ्यूज घालून घे. किल्ली बंद, चार्जर बंद.

आत्ता आहे ती बॅटरी तशीच रिकामी ठेवू नकोस, आत सल्फेट घट्ट बसतो आणि मग ती भरूनही भरत नाही. 0.4 अँपिअरवर दहा-बारा तास हळू चार्ज करून घे. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मोठ्या चार्जरला लावू देऊ नकोस. तुझी बॅटरी सीलबंद आहे, पाणी घालायचा प्रश्न नाही. इथं परवा एकानं जुन्या बॅटरीत बोअरचं पाणी घातलं, म्हणे पाणी ते पाणीच! आणि गाडी ढकलून चालू होईल या भरवशावर राहू नकोस. तुझी गाडी इंजेक्शनची, बॅटरी पार मेली की तिचा पेट्रोलचा पंपच फिरत नाही.

आकडे वहीत लिहून ठेव, चार्जर जोडलेला असतानाचा आणि काढल्यावरचा. आई विचारायली, एवढा कागद भरला त्यात पोरगी जेवते का ते विचारलं का. तर ते कळव.

तुझे
बाबा