चाकूचा शोध केव्हाच लागलाय

प्रिय शुभदा,

पाच महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. माफी मागत नाही, मागितली तर तू पुढची तारीख देशील. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तिथंच आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला स्वच्छ दिसतं, त्यामुळे घरातली धूळही दिसते आणि ती माझ्या नावावर जमा होते. खबरबात संपली.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयामागच्या कठड्यावर बसून तू म्हणायचीस, ‘हे लोक गुन्हा आधी शिकवतात आणि पुरावा शेवटी, सगळं उलटं आहे.’ मी म्हणायचे, ‘कलमं पक्की असली की बाकीचं कोर्टात आपोआप येतं.’ त्या भांडणाचा निकाल लागलाय. तुझ्या बाजूनं, खर्चासह. काळे सरांना एवढ्यात कळवू नकोस.

झालं असं की गेल्या शनिवारी तिसऱ्या वर्षाच्या साठ मुलांना घटनास्थळ पंचनामा लिहायला लावला. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टाच्या, हॉलमध्ये खुर्ची पाडून ठेवली, टेबलापाशी चाकू, त्यावर लाल रंग, खिडकीखाली शर्ट, टेबलावर एक मोबाईल, कोपऱ्यात मातीची उलटलेली कुंडी. ऑफिसमधल्या दोघांना पंच म्हणून उभं केलं. वेळ एक तास. रविवारी गठ्ठा तपासायला घेतला. तपासताना तुझी आठवण आली म्हणजे अक्षरशः तुझा आवाज ऐकू यायला लागला, तो उलटतपासणीतला, मधाळ.

पहिल्याच कागदावरचं वाक्य तुला जसंच्या तसं देते. ‘आरोपीने खून करून टाकून दिलेला रक्ताने माखलेला चाकू मिळून आला.’ आरोपी कोण? माहीत नाही. खून? प्रेत तर ठेवलंच नव्हतं. टाकून दिला हे कुणी पाहिलं? आणि रक्त म्हणजे कुंपणाला लावायचा ऑइलपेंट होता. एका वाक्यात चार निष्कर्ष आणि चाकूचं वर्णन शून्य. मला हवं होतं ते एवढंच: लोखंडी पात्याचा, काळ्या प्लॅस्टिक मुठीचा चाकू, पातं १४ सेंमी, एकूण २६ सेंमी, टोकाकडच्या ५ सेंमी भागावर लालसर डाग, मुठीवर डाग नाहीत. ते शेवटचे तीन शब्द एकाही मुलानं लिहिले नाहीत. जे नाही तेही लिहायचं असतं, हे आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं म्हणा. पुढे प्रयोगशाळेतून आल्यावर मुठीवर डाग निघाला की तो मधे कुठे लागला, हा प्रश्न तू विचारणारच.

अंतरं तर विचारू नकोस. ‘दाराजवळ’, ‘टेबलाच्या बाजूस’, ‘अंदाजे दोन फुटांवर’. वस्तू दोन पक्क्या जागांपासून मोजायची, भिंतीचा कोपरा आणि दाराची चौकट, म्हणजे तो बिंदू कागदावर पुन्हा सापडतो. खुर्चीपासून मोजून काय उपयोग, खुर्ची उद्या उचलली जाणार. टेप मी टेबलावरच ठेवली होती. तिघांनी वापरली. दोघांनी टेपचीच ‘घटनास्थळी मिळून आलेली वस्तू’ म्हणून नोंद केली.

मग जप्ती. शर्ट सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, कारण मालिकांमध्ये तसंच दाखवतात. ओला रक्ताचा कपडा प्लॅस्टिकमध्ये बंद केला की ओल आत राहते, बुरशी धरते, जंतू वाढतात आणि डीएनए कुजतो. सावलीत वाळवायचा, डागाची बाजू दुसऱ्या बाजूला लागू नये म्हणून मधे कागद घालून घडी करायची, कागदी पाकिटात ठेवायचा, प्रत्येक वस्तू वेगळी. चाकू कापडात आवळून गुंडाळला की डाग कापडाला पुसला जातो, म्हणून खोक्यात दोऱ्यानं बांधून ठेवायचा. ‘रक्तमिश्रित माती’ सगळ्यांनी गोळा केली, ‘साधी माती’ फक्त चौघींनी. बाकीच्यांना साध्या मातीची जरूर काय तेच कळेना. मातीच मुळात कशी आहे हे प्रयोगशाळेला कळल्याशिवाय त्यातला डाग वेगळा कसा काढणार?

सीलचं तर विचारूच नकोस. लाख लावली, पंचांच्या सहीचं लेबल लावलं, की झालं असं त्यांना वाटतं. सीलचा नमुना वेगळ्या कागदावर घ्यायचा, तो मालाबरोबर जायचा, प्रयोगशाळेनं दोन्ही जुळवून ‘सील शाबूत’ लिहायचं. मुद्देमाल कारकुनाच्या नोंदीत माल कधी आला, कधी बाहेर पडला, कुणी नेला, आणि नेणाऱ्या शिपायाची साक्ष. सारडांच्या खटल्यातल्या १९८४ च्या निकालाचं पंचशील, परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या, ही मुलं पाढ्यासारखं म्हणतात: परिस्थिती पूर्ण शाबीत हवी, ती फक्त दोषाकडेच बोट दाखवणारी हवी, साखळी अखंड हवी. आणि त्या साखळीची खरी कडी म्हणजे लाख लागलेलं खोकं आणि रजिस्टरातली एक तारीख, हे गावीही नाही.

कोट्टय्याचा निकाल मी परवाच शिकवला होता, १९४७, प्रिव्ही कौन्सिल. आरोपीनं ‘मी छपरात लपवलेला चाकू काढून देतो’ म्हटलं म्हणजे चाकूचा शोध लागत नाही. चाकूचा शोध लागून फार वर्षं झाली, असं त्यात चक्क लिहिलंय. शोध लागतो तो याचा, की चाकू त्या घरात आहे आणि हे त्याला माहीत आहे. ‘ज्यानं मी भोसकलं’ हा तुकडा गाळायचा. वर्ग खो-खो हसला, वहीत लिहून घेतलं. पुढच्याच सरावात निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपी वस्तू काढून देतो म्हणतो त्याचा पंचनामा, लिहायला दिला, तर निम्म्यांनी लिहिलं, ‘आरोपीने चाकूने खून केल्याचे कबूल करून चाकू काढून दिला.’ आरोपीचे स्वतःचे शब्द नाहीत, निवेदन कुठे संपलं आणि निघाले कधी याच्या वेळा नाहीत, पुढे आरोपी चालत होता की पोलिस, तेही नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम २७, नव्यात कलम २३ चं परंतुक, नंबर मात्र सगळ्यांचा बरोबर!

इथंच माझं डोकं फिरतं बघ. वरून आदेश असा, की जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करून घ्या. दंड संहितेच्या ५११ कलमांची ३५८ झाली, फौजदारी प्रक्रियेच्या ४८४ ची ५३१, पुरावा कायद्याच्या १६७ ची १७०. त्यात माझ्या ४८ तासिकांतल्या पंधरा जातात. मुलं म्हणतात, ‘मॅडम, ३०२ कुठे गेलं?’ खून १०३ ला गेला, आणि नव्या संहितेतलं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द. ‘चारसोबीस’ तर आता असूच शकत नाही, संहिता ३५८ लाच संपते. आणि प्रक्रियेतलं ४८२! आपल्या वेळी ते हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आता अटकपूर्व जामीन. एकानं अटकपूर्व अर्जात एफआयआर रद्द करायची मागणी घातली, चूक कुणाची म्हणू? शिवाय १ जुलै २०२४ च्या आधीचा गुन्हा असेल तर जुनी संहिताच, म्हणजे यांना पुढची कित्येक वर्षं दोन्ही लागणार. तक्ता नको असं मी म्हणत नाही. तो भिंतीवर लावता येतो. पंधरा तासिका त्याला कशाला?

मोबाईलचा प्रकार राहिला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल सगळ्यांना माहीत. जालन्याच्या निवडणुकीचा वाद, २०२० चा निकाल, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र सक्तीचं. मी नव्या पुरावा कायद्याच्या कलम ६३ मधल्या त्या प्रमाणपत्राचा नमुना हातात दिला, भाग अ माल सादर करणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. ‘हॅश व्हॅल्यू’च्या, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशाच्या, रकान्यात पाच जणांनी ‘होय’ लिहिलं. एकीनं आयएमईआय, म्हणजे फोनचा नंबर, फाइलचा नव्हे. मग लॅपटॉपवर दाखवलं: एका व्हिडिओची एसएचए-२५६ पद्धतीनं हॅश काढली, चौसष्ट अक्षरांची माळ आली. तोच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून परत काढली, माळ पूर्ण वेगळी, कारण वाटेत त्यानं फाइल दाबून लहान केली. वर्ग गप्प. त्या दहा मिनिटांत जे पोचलं ते चार व्याख्यानांत पोचलं नव्हतं. हेही तू म्हणाली होतीस, माहितेय.

आता खरी गोष्ट. साठातला एक कागद देखणा होता. सुरू १०.०५, संपला ११.००. चतुःसीमा, कच्चा नकाशा, दोन जागांपासून मापं, सेंमीमध्ये. लालसर डाग ‘रक्तासारखे’. खाडाखोडीवर सही. मोकळ्या जागेवर तिरप्या रेघा. मी त्याला वीसपैकी अठरा दिले आणि मनात म्हटलं, चला, एक तरी निघाला. मग रात्री नव्या फौजदारी प्रक्रियेचं कलम १०५ शिकवण्यासाठी जे चित्रीकरण मी फोनवर करून ठेवलं होतं ते बघितलं. झडती-जप्ती, यादी करणं, यादीवर पंचांच्या सह्या, सगळ्याचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे ना, म्हणून फोन कपाटावर ठेवला होता. तो मुलगा १०.२० ला आला आणि १०.३५ ला गेला. टेपला हात लावला नाही. मापं मनानं घातली, आणि झकास घातली. आणि दोन पंचांपैकी एक जण मधली वीस मिनिटं फोनवर बोलायला बाहेर होता. साठापैकी बेचाळीस कागदांवर दोन्ही पंच ‘अथपासून इतिपर्यंत हजर’ आहेत. उरलेल्या अठरांवर पंचांचा उल्लेखच नाही, त्यामुळे ते खरे म्हणायचे की खोटे, तूच सांग.

म्हणजे मी अठरा कशाला दिले? तर पंचनामा दिसायला हवा तसा दिसत होता. शुभा, तू वीस वर्षं जे कागद फाडतेस ना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, ते असेच तयार होतात. आणि मी ते तयार करायचं शिक्षण देतेय. चुका दाखवत गेले तर मुलं प्रामाणिक होणार की फक्त सफाईदार? नमुना जितका नीट शिकवावा तितका खोटा लिहायला सोपा. ‘आम्ही खालील सही करणार पंच’पासून ‘आमचे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’पर्यंत साठही कागदांची भाषा एक, एकाच पीडीएफची. पंचांशी तासाभरात एकही जण बोलला नव्हता.

त्या मुलाला अजून बोलावलेलं नाही. गुण कमी केले तर कारण सांगावं लागेल, आणि मग बाकीच्या एक्केचाळिसांचं काय? आमच्याकडच्यांना विचारलं तर ते म्हणतील परीक्षेत पंचनाम्याला गुण नाहीत, सोडा. त्यांचंही खोटं नाही. प्रश्नपत्रिकेत कलमच विचारतात.

माझ्या डोक्यात एक आहे. तक्ता चार तासिकांत उरकायचा, बाकीच्या अकरा यात घालायच्या. पण पहिली तासिका तू घ्यायचीस. मुलानं लिहिलेला पंचनामा हातात घ्यायचा, त्याला तपासी अंमलदार म्हणून पिंजऱ्यात उभं करायचं, ऑफिसमधला तो पंच साक्षीला. तुला माहीतच आहे, पंचनामा स्वतः पुरावा नव्हे, पंचाची साक्ष पुरावा. ते त्यांना माझ्या तोंडून नको, पंच फितूर होताना दिसू दे. शेवटी पडद्यावर चित्रीकरण लावू. घड्याळ भिंतीवर आहे, फ्रेममध्ये स्पष्ट दिसतं. चित्रीकरणाची हॅश मी त्याच रात्री काढून लिहून ठेवलीय, तेव्हा ‘फाइल बदलली’ म्हणून माझ्यावरच उलटू नकोस. पण त्या मुलाला पहिला उभा करायचा का, हे मला ठरवता येत नाही. सगळ्यांसमोर नको असं एक मन म्हणतं. तुला तर तो प्रकार रोजचा, माणूस किती मोडतो आणि किती शिकतो हे तुला कळतं.

नव्या चेंबरचं काय झालं? रंगाचं काम उरकलं का? अनिकेतचं बारावीचं वर्ष ना, त्याला म्हणावं मावशी विचारत होती, आणि कायद्याकडे यायचं म्हणाला तर आधी माझ्याकडे पाठव. सासूबाईंना नमस्कार. खांद्याचं फिजिओ अर्धवट सोडलं असशील, खात्री आहे.

पुढच्या महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी असेल तो. दोन तास लागतील. बेचाळीस कागद स्कॅन करून पाठवतेय, नावं झाकलीत. त्यातला देखणा कुठला ते मी सांगत नाही. तू वाचून ओळखतेस का बघ, मला खरंच जाणून घ्यायचंय की कागदावरून ते कळतं का.

तुझी,
नीला

ता. क. तो चाकू परत ऑफिसच्या स्वयंपाकघरात ठेवलाय. रंग गेलेला नाही. शिपाई रोज विचारतो, पंचनामा संपला का, धुऊ का.