हप्ता कशाचा घेतलात, तेवढे सांगा: विमा कंपनीला एका इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचे तक्रार पत्र

दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी,
बेळगाव शाखा

विषय: कामगार नुकसानभरपाई विम्याच्या नूतनीकरणात चुकीचा कामाचा वर्ग आणि चुकीचा पगार धरून घेतलेला जादा हप्ता परत मिळण्याबाबत

महोदय,

मी बेळगावात अनगोळला राहतो आणि गेली एकोणीस वर्षे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचा व्यवसाय करतो. कर्नाटक सरकारच्या विद्युत निरीक्षणालयाचा परवाना माझ्या नावावर आहे. माझ्याकडे काम करणाऱ्या पोरांसाठी मी आपल्या कंपनीची पॉलिसी सहा वर्षे घेतो आहे. एकदाही खंड पडू दिलेला नाही, एकदाही चेक परत गेलेला नाही. यंदा मात्र जे झाले ते मला पटलेले नाही आणि शाखेत तीन हेलपाटे घालूनही कोणी ते पटवून दिले नाही.

गेल्या वर्षी मी जीएसटी धरून १६,९९२ रुपये भरले होते. यंदा १० जूनच्या नूतनीकरणासाठी ३७,५२४ रुपये मागितले गेले. पहिल्यांदा आलो तेव्हा सांगितले, ‘वरून रेट वाढलेत.’ दुसऱ्यांदा सांगितले, ‘सिस्टिममध्ये तसेच येते.’ तिसऱ्यांदा साहेब जागेवर नव्हते. टोल फ्री नंबरवर हिंदीत बोलणाऱ्या बाईंनी शाखेत चौकशी करा म्हणून फोन ठेवला. १२ जूनला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम सुरू करायचे होते. चालू पॉलिसीची प्रत दाखवल्याशिवाय गेटवरून आत सोडत नाहीत, आणि त्यात कारखानदाराचे काही चुकत नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कलम १२ आहे. माझ्या माणसाला त्यांच्या आवारात इजा झाली तर भरपाईसाठी आधी त्यांना धरता येते, मग ते माझ्याकडून वसूल करणार. म्हणून ९ जूनला मी पूर्ण रक्कम भरली. ही रक्कम मान्य नसून नाइलाजाने भरत आहे, असे त्याच दिवशी लिहून दिले आहे. त्या अर्जाची आपल्या शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे.

पॉलिसी हातात आल्यावर रात्री मुलीला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घेतली. सगळा कागद इंग्रजीत आहे. दुसऱ्या पानावर कामाच्या वर्णनात ‘उंचावरील काम, खांब उभारणी व वीजवाहिन्या ओढणे’ असे लिहिलेले सापडले. दर पगाराच्या हजारी २६ रुपये ५० पैसे. मागच्या पाचही पॉलिसी काढून बघितल्या. पाचही ठिकाणी ‘इमारतींतील अंतर्गत वायरिंग’ असे आहे आणि शेवटच्या पॉलिसीत दर हजारी १२ रुपये.

महोदय, मी आयुष्यात एक खांब उभा केलेला नाही. खांबावरचे काम हेस्कॉम या वीज कंपनीचे लाइनमन करतात, नाहीतर त्या कामाचे वेगळे ठेकेदार. आमचे काम मीटरच्या पुढे सुरू होते. घरात २३० व्होल्ट, वर्कशॉपमध्ये ४१५. पाइप टाकणे, वायर ओढणे, डीबी म्हणजे वीज वाटपाची पेटी बसवणे, अर्थिंग करणे, वायरचे इन्सुलेशन मेगर यंत्र लावून तपासणे, एवढेच. श्रावण संपता संपता मंडळांच्या मंडपांची कामे असतात, तीही जमिनीवर मेन बोर्ड ठेवून करतो. आमच्या कामात धोका नाही असे मी म्हणत नाही. बेळगावच्या पावसात भिंती महिना महिना ओल्या राहतात आणि ओल्या भिंतीत काम करताना छातीत धडधड होतेच. पण तो धोका आणि ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारेखालचा धोका एक नव्हे. दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना १ जानेवारी २००७ पासून मिळाली, हे मला माहीत आहे. आपण बाराचे तेरा केले असते, चौदा केले असते, तर मी कुरकुर करून भरले असते. पण माझा धंदाच कागदावर बदलून टाकला आणि मला विचारलेही नाही. बदल कोणी केला, कोणत्या अर्जावरून केला, कोणत्या तारखेला केला?

आता पगाराचे. हा हप्ता वर्षभराच्या एकूण पगारावर बसतो हे आपणच मला पहिल्या वर्षी समजावून सांगितले होते. गेल्या वर्षी सुरुवातीला माझ्याकडे सहा जण होते. दोन वायरमन, प्रत्येकी २२,००० रुपये, आणि चार हेल्पर, प्रत्येकी १४,००० रुपये. महिन्याला एक लाख, वर्षाला बारा लाख. दिवाळीनंतर एक वायरमन गोव्यात कामाला गेला आणि खानापूरकडचा एक हेल्पर घरची शेती बघायला परत गेला. १० नोव्हेंबरपासून चौघेच उरले, महिन्याचा पगार ६४,०००. म्हणजे पाच महिन्यांचे पाच लाख आणि सात महिन्यांचे ४,४८,०००, मिळून ९,४८,००० रुपये. वर्ष संपल्यावर महिन्याच्या आत खरा पगार कळवायचा आणि त्यावर हप्ता जुळवून घ्यायचा, अशी अट आपल्याच पॉलिसीत आहे. २० जूनला मी हजेरीपट आणि पगारपत्रक जोडून ते कळवले. जादा धरलेल्या २,५२,००० रुपयांवर १२ रुपये दराने ३,०२४ आणि १८ टक्के जीएसटी धरून ३,५६८ रुपये मला परत यायला हवेत. आज सात आठवडे झाले. पैसे सोडा, उत्तरही नाही. माझ्याकडची माणसे वाढली असती आणि मी पगार लपवला असता, तर आपण सात आठवडे गप्प बसला असतात का?

आणि नूतनीकरण करताना तरी चौघांचा पगार धरायचा! फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने चौघांची नावे लिहिली होती. तरी पॉलिसीत पुन्हा बारा लाखच आले. चौघांचा वर्षाचा पगार ७,६८,००० होतो. जुन्या १२ रुपये दराने हप्ता ९,२१६ आणि जीएसटी १,६५८ रुपये ८८ पैसे, म्हणजे १०,८७४ रुपये ८८ पैसे. आपण घेतले ३७,५२४. फरक २६,६४९ रुपयांचा आहे. माझ्यासारख्या माणसाला ही रक्कम छोटी नाही. त्यात एका हेल्परचा दोन महिन्यांचा पगार जवळजवळ बसतो.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो. मे महिन्यात हप्ता ऐकून मी हबकलो, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने मला सुचवले की पगार आठ आठ हजार दाखवा, आपोआप कमी होईल. मी नाही म्हटले. हेल्परचा खरा पगार १४,००० आणि कागदावर ८,००० असेल, तर उद्या भरपाई आयुक्तांसमोर खऱ्या पगारावर ठरणार, कंपनी कागदावरच्या आकड्यापुरतेच देणार आणि मधली रक्कम माझ्या घरावर येणार. सव्वीस वर्षांचा पोरगा कामावर दगावला, तर १४,००० पगाराच्या निम्म्याला कायद्यातल्या कोष्टकातल्या २१५.२८ ने गुणायचे. पंधरा लाख सहा हजार नऊशे साठ रुपये होतात. हे मी वहीत लिहून ठेवले आहे, कारण ज्यांच्या आईबापांनी पोरे माझ्या भरवशावर पाठवली आहेत, त्यांना मी तोंड कसे दाखवणार? असा सल्ला देणारा माणूस आपण ग्राहकांच्या दारात पाठवू नये.

आता फेब्रुवारीतला अपघात. उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथच्या वर छताच्या कैचीला पाइप बांधायचा होता. खाली फरशीवर तेल सांडलेले, आणि शिडीच्या पायाचे रबर झिजलेले. शिडी सरकली. पोरगा खाली आला तो उजव्या हातावर. मी पलीकडे पॅनेलजवळ होतो. त्याने ओरडाही केला नाही, नुसता मनगट दुसऱ्या हातात धरून बसून राहिला आणि मला म्हणाला, ‘दादा, टेस्टर मोडला.’ रबर झिजले होते ही माझी चूक. दुसऱ्याच दिवशी सगळ्या शिड्यांचे रबर बदलले. मनगटात प्लेट घालावी लागली, दवाखान्याचे ४१,६०० रुपये मी भरले. तो पंचेचाळीस दिवस घरी होता. त्या काळाची पंधरवड्याला ३,५०० रुपयांप्रमाणे १०,५०० रुपये भरपाई आपण दिली, उशिरा का होईना दिली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दवाखान्याच्या बिलावर उत्तर आले की पॉलिसीतला वैद्यकीय खर्चाचा वाढीव भाग तुम्ही घेतलेला नाही.

मी घेतलेला नाही, की मला कधी सांगितला नाही? कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा. म्हणजे जी जबाबदारी कायदा माझ्यावर टाकतो, तीच आपल्या साध्या पॉलिसीत नाही, आणि सहा वर्षांत सहा वेळा फॉर्म भरताना एकानेही त्या रकान्याकडे बोट दाखवले नाही. ‘सगळं कव्हर आहे ना?’ असे मी दर वर्षी विचारायचो. दर वर्षी ‘हो’ असेच उत्तर मिळायचे. यंदाची चौघांची नावे सोडली तर फॉर्म आपला प्रतिनिधी भरायचा, मी सही करायचो. ती सही न वाचता केली, याची रुखरुख मला आहे. पण ‘हो’ म्हणणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का?

अजून एक शंका आहे, तिचे उत्तर मिळाले तर बरे होईल. भरपाई मोजताना महिन्याचा पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो, केंद्र सरकारची तशी अधिसूचना जानेवारी २०२० ची आहे. मग माझ्या वायरमनच्या २२,००० वर हप्ता का? वरच्या सात हजारांचे पैसे कोणत्या जोखमीसाठी घेतले जातात? शाखेत हे विचारल्यावर समोरच्या साहेबांनी खांदे उडवले.

माझ्या ओळखीतले वडगाव, शहापूरकडचे दोन-तीन कॉन्ट्रॅक्टर तर पॉलिसीच घेत नाहीत. काम लागले की कोणाची तरी प्रत जोडतात आणि देवावर हवाला ठेवतात. मी त्यांना सांगत आलो की हजार-पंधराशे महिन्याला बाजूला टाका, रात्री झोप लागते. यंदा त्यांच्यातला एक जण माझ्या हप्त्याचा आकडा ऐकून नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय सांगायचे ते मला सुचले नाही.

माझे मागणे असे आहे. पॉलिसीतले कामाचे वर्णन पूर्वीप्रमाणे इमारतींतील वायरिंग असे १० जूनपासून दुरुस्त करून मिळावे. चौघांचा पगार धरून हप्ता पुन्हा मोजावा आणि जादा घेतलेले २६,६४९ रुपये, तसेच गेल्या वर्षीच्या जुळवणीचे ३,५६८ रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. वैद्यकीय खर्चाचा भाग आजपासून जोडायला किती जादा पडेल आणि त्याची मर्यादा किती, हे लेखी कळवावे. रास्त असेल तर मी लगेच भरतो. आणि हप्ता कसा मोजला याचा एक साधा कागद, मराठीत किंवा कन्नडमध्ये, द्यावा. माझी पोरे दोन्ही भाषा वाचतात. त्यांच्यासाठी काय घेतले आहे, काय नाही, हे त्यांना स्वतःला वाचता आले पाहिजे.

माझा धंदा एकट्याच्या मालकीचा आहे, त्यामुळे विमा लोकपालांकडे जाण्याचा हक्क मला आहे. हे पत्र पोचल्यापासून एका महिन्यात समाधानकारक उत्तर आले नाही, तर बंगळूरच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करीन आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवीन. तशी वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे. जुन्या पाच पॉलिसींच्या प्रती, यंदाची पॉलिसी, हजेरीपट, पगारपत्रक, ९ जूनच्या अर्जाची पोच आणि दवाखान्याची बिले सोबत जोडली आहेत. पॉलिसी क्रमांक त्या प्रतींवर आहेच.

२७ तारखेला गणेश चतुर्थी आहे. पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळे मंडपांच्या कामावर असू, तरी दुपारी एक ते दोन फोन करावा, मी उचलीन. बोलावले तर हजेरीपटाची मूळ वही घेऊन शाखेत येईन.

आपला,
परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर,
अनगोळ, बेळगाव