मावशी, ताडपत्री झाडू नका

तीर्थस्वरूप मावशींना,
साष्टांग नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहिते आहे, कारण घरात फोन एकच, तो नातवाचा, आणि त्याचं क्रिकेट संपल्याशिवाय तुमच्या हाती येत नाही. कुणीतरी वाचून दाखवेलच. शिवाय मी वटवाघळांवर बोलते तेव्हा लोक विचारतात, "एवढं सोपं सांगायला कुठे शिकलात?" त्यांनाही एकदाच काय ते उत्तर मिळेल.

नोव्हेंबर 2020. कोरोनाचं वर्ष, आणि मी पाटण तालुक्यात खोली शोधत फिरत होते. "शिकतेस काय?" "वटवाघळांवर पीएचडी." तीन घरांनी दार लावून घेतलं. चौथ्यानं पाणी दिलं, पण अंगणाबाहेर. माझ्या पिशवीत दक्षिण आशियातल्या 64 वटवाघूळ-अभ्यासकांनी त्याच एप्रिलमध्ये काढलेलं निवेदन होतं : हा विषाणू वटवाघळांकडून थेट माणसांत येतो याला पुरावा नाही, त्यांना मारू नका. ते इंग्रजी कागद मी दारोदार दाखवत होते, यावरून माझी अक्कल समजावी. तुम्ही खळ्यावर भात झोडत होतात. कागदाकडे पाहिलंही नाहीत.

"तुला झालाय का त्यो रोग?"

"नाही."

"मग ये आत. पाय धू."

दुसऱ्या दिवशी मी गावभर "वटवाघळं कुठे आहेत?" विचारत हिंडले आणि सगळ्यांनी मला दोन कोस लांबच्या वडाकडे पाठवलं. तिथे मोठी, फळं खाणारी वाघळं लटकलेली. मला हवी होती ती घराच्या वाशात राहणारी, अंगठ्याएवढी, किडे खाणारी. संध्याकाळी हिरमुसून पडवीत बसले, तर तुमच्याच आढ्याखालून एकेक सटासट बाहेर पडू लागली. "ह्या व्हय? ह्या पाकोळ्या. पाकोळ्या म्हणायचं की आधी!" चार वर्षं विद्यापीठात काढून मी प्राण्याचं नाव चुकीचं विचारत होते. (पाकोळी म्हणजे कुठे पक्षी, कुठे वटवाघूळ, हा घोळ मला नंतर कोकणात पुन्हा भोवला, पण ते वेगळं.)

माझं काम ऐकून तुम्ही हसला होतात. पाकोळ्यांच्या लेंड्या गोळा करायच्या, त्यांतला डीएनए वाचायचा आणि रात्री कुठला किडा खाल्ला ते ओळखायचं. लेंडी उंदराची की पाकोळीची, हे मी भिंग लावून बघायचे. तुम्ही काडीनं दाबून दाखवलंत : उंदराची कडक, पाकोळीचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात. "लेंडीवाली बाई" हे नाव मला गावात पडलं ते कायमचं. आढ्याखाली पसरलेली ताडपत्री मात्र तुम्ही एका सकाळी मायेनं झाडून, धुऊन, घडी घालून ठेवलीत. चार रात्रींचा डेटा उकिरड्यावर गेला. मी रडले, तुम्ही मला पिठलं वाढलंत, आणि दोघींनी त्यावर पुन्हा कधी चर्चा केली नाही.

पण खरी गोष्ट त्या यंत्राची. मी शाळेत मुलांना "प्रतिध्वनीद्वारे स्थाननिश्चिती" समजावून आले होते आणि सगळी पोरं जांभया देत होती. रात्री बांधावर मी यंत्र तुमच्या हातात दिलं. आपल्या कानांना 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि पाकोळीचा आवाज त्याच्या दुपटीच्याही वर. यंत्र तो खाली आणतं. आधी टप-टप, लाह्या फुटल्यासारखं. मग अचानक टर्रर्र, जुनं लुगडं फाटल्यागत. तुम्ही दचकलात. मी म्हटलं, किडा जवळ आला की ती भराभर ओरडते. "म्हंजी हाळी घालत जातीया. डोंगराला हाळी घातली की माघारी येती, तसं." बास. तेव्हापासून मी कुठेही बोलले तरी हाळीच म्हणते. 1938 साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन नावाच्या एका विद्यार्थ्यानं असल्याच यंत्रापुढे वटवाघळं नेली, तेव्हा माणसाला हा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, हे सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "त्येचंबी पैसं येळेवर येत न्हवतं का?" माझी फेलोशिप तेव्हा आठ महिने अडकलेली होती आणि तुम्ही भाड्याचं नावही काढत नव्हतात.

मग जून 2021. मी पुण्यात, आणि तुमचा फोन : देवळातल्या पाकोळ्यांना धुरी घालायचं ठरतंय, काय बोलू ते सांग. मी दहा मिनिटं प्रतिपिंडं वगैरे बोलत राहिले. तुम्ही तोडलंत. "भ्या हाय का न्हाई, तेवढं सांग." मी म्हटलं, "अजिबात नाही." "अजिबात न्हाई म्हननारा एक तर अडानी असतो, न्हाईतर कायतरी इकायला आलेला असतो. खरं काय ते बोल."

मग मी तेच नव्यानं बोलून, रेकॉर्ड करून तुम्हाला पाठवलं, अडीच मिनिटांत. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्यात, हे खरं. केरळात 2018 साली निपाहनं माणसं दगावली, हेही खरं. महाराष्ट्रात माणसाला झाल्याची नोंद नाही. म्हणून उष्टं फळ खाऊ नका, पडलेली पाकोळी उघड्या हातानं उचलू नका, पोरांना गुहेत पाठवू नका. आणि धुरी घालू नका. त्यानं काही मरतील, उरलेल्या बिथरून घराघरांत शिरतील. तुम्ही ते गिरणीत दळणाच्या रांगेला ऐकवलंत. धुरी झाली नाही. माझ्या बोलण्यामुळे, तुमच्या धाकामुळे, की पेंढा आणणारा विसरला म्हणून, कोण जाणे.

तेव्हापासून माईकसमोर बसले की "अजिबात"वर माझी जीभ अडते.

एक देणं मात्र राहिलंय. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होतं म्हटल्यावर "म्हशीगतच की" म्हणून तुम्ही पुढे विचारलं होतंत, "ह्यांच्यापायी माझं किती पोती भात वाचतंय?" मी म्हटलं, तुमच्या शेतातलं कुणी मोजलेलं नाही. "मग आधी त्ये मोज." प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच आहे, आणि ते अडलंय ते तुमच्या वाफ्यातल्या खोडकिड्याच्या पतंगांवर. हे पतंग रात्रीच उडतात. तुमच्या आढ्यातल्या पाकोळ्या ते खातात का आणि किती, ते लेंड्यांतूनच कळायचंय. शेवटचे नमुने प्रयोगशाळेत पडून आहेत.

भात पोटरीला आलं की येते. ताडपत्री तेवढी आत्ताच अंथरून ठेवा. आणि झाडू नका.

तुमची,
लेंडीवाली