घर रात्रीत अठरा मीटर वर गेलं

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

परवा उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरलास तेव्हापासून तुझं एकच टुमणं: पायलटला उंची कोण सांगतं, सॅटेलाइट काय? नाही भावा. जीपीएस असतं, पण आकाशातला कारभार चालतो हवेच्या दाबावर.

रविवारी मोबाईलवर दाबाचं ॲप घेऊन पन्हाळ्याला गेलो. रंकाळ्यावर दाब ९५० मिलिबार (दाब मोजायचं एकक), वर गडावर तीन दरवाजापाशी ९०६. इथल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की एक मिलिबार उतरतो. बरोबरचा वेफर्सचा पुडा टम्म फुगलेला. पुड्याला जे कळलं तेच अल्टिमीटरला, म्हणजे विमानातल्या उंची दाखवणाऱ्या यंत्राला कळतं. त्याच्या पोटात नागमोडी पत्र्याच्या चपट्या डब्या, आतली हवा काढून घेतलेल्या. विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकांतून बाहेरचा दाब त्यांच्याभोवती येतो; वर जाईल तशा डब्या फुगतात, काटा सरकतो.

घोळ पुढं आहे. ॲपनुसार झोपताना घर ५६० मीटरवर होतं, सकाळी ५७८! आई म्हणाली, "भूकंप झाला काय रे?" दाब रात्रीत दोनानं उतरला होता, एवढंच. यंत्र उंची मोजतच नाही. मोजतं दाब, बोलतं फुटांत.

म्हणून टॉवर पायलटला त्या वेळचा, समुद्रसपाटीच्या हिशोबातला दाब सांगतो. त्याला क्यूएनएच म्हणतात. तो लावला की आपल्या धावपट्टीवर काटा दोन हजार फुटांच्या आसपास थांबतो. समजा, पावसाळ्यात दाब १००३ आहे आणि लावलाय १०१३, तर विमान काट्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली. घाटात, ढगात, विचार कर.

खूप वर गेल्यावर मात्र सगळेच १०१३.२५ लावतात, खरा दाब काही का असेना. सगळ्यांचं सारखंच चुकतं, त्यामुळं दोन विमानांतलं हजार फुटांचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. गावातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढं असली तर कुणाची एसटी चुकत नाही, तसं.

आणि ती भोकं! १९९६ साली पेरूत विमान साफ करताना त्यांच्यावर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली. रात्रीची वेळ, खाली समुद्र. पायलटनी उंची विचारली तर कंट्रोलर ९,७०० फूट म्हणाला. त्याच्या पडद्यावरचा आकडाही त्याच विमानाकडून आलेला. ७० माणसं गेली.

पुडा खाली आल्यावर पिचकलाय, फोडलेला नाही. दिवाळीला ये, पन्हाळ्यावर नेऊन फोडू.

तुझाच,
बाळ्या