पिकार्डच्या जहाजावरचे पाहुणे

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर पुण्याला कायमचे राहायला येण्याचा विषय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "वर्कशॉप सुटलं तिथेच आमचं काम संपलं, आता तुमच्याकडे येऊन नुसतं बसून काय करायचं?" या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. मी रात्री जेवण झाल्यावर जी अंतराळयानाची मालिका बघते, तिच्यातल्या एका कॅप्टनची हकीगत आधी सांगते, कारण माझे उत्तर तिच्यातच आहे.

दूरदर्शनवर लागणारी जुनी 'स्टार ट्रेक' बाबांना आठवत असेल. तिच्यातला लाल शर्टातला मुख्य अभियंता स्कॉटी बाबांचा लाडका होता. बाकीचे नुसते हुकूम सोडतात, हात काळे करणारा हा एकटाच, असे ते म्हणायचे. स्कॉटीचे काम करणारे जेम्स डूहान हे कॅनडाचे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले त्याच दिवशी, म्हणजे ६ जून १९४४ रोजी, त्यांना गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचे मधले बोट गेले. पुढे पडद्यावर ते तो हात शक्यतो दिसू देत नसत.

ती मालिका १९६९ मध्ये संपली आणि १९८७ मध्ये तिची पुढची पिढी, 'द नेक्स्ट जनरेशन', सुरू झाली. काळ पुढचा, जहाजाचे नाव तेच 'एंटरप्राइज', आणि कॅप्टन मात्र अगदी वेगळ्या घडणीचा. ज्याँ-ल्यूक पिकार्ड हा करड्या शिस्तीचा, कमी बोलणारा, लहान मुलांसमोर अवघडून जाणारा माणूस आहे. पहिल्याच भागात तो आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला सांगून ठेवतो की, मला मुलांशी वागता येत नाही, तेव्हा त्यांच्यासमोर माझी शोभा होणार नाही हे तुम्ही पाहा. अशा माणसाच्या जहाजावर सात वर्षे न बोलावलेले, आणि तेही थोर थोर, पाहुणे येत राहतात. तो त्यांना कसा वागवतो हे पाहण्यातच मला त्या मालिकेचे सगळ्यात मोठे सुख वाटते.

क्यू नावाच्या सर्वशक्तिमान पाहुण्याबद्दल फार लिहीत नाही. तो चुटकीसरशी जहाजावर अवतरतो, साऱ्या मानवजातीवर खटला भरतो, आणि पिकार्ड त्याच्यापुढे मान तुकवत नाही. मात्र १९८९ मधल्या एका भागात क्यू जहाजाला सात हजार प्रकाशवर्षे दूर फेकून देतो आणि समोरचा शत्रू आवरेनासा होतो, तेव्हा हाच ताठ माणूस आम्हाला तुझी गरज आहे असे सरळ कबूल करतो. माणसांचे जीव वाचवायचे असताना त्याने स्वतःचा मान आड येऊ दिला नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो.

दुसरा पाहुणा मोरियार्टी, म्हणजे शेरलॉक होम्सचा प्रतिस्पर्धी. जहाजावर होलोडेक नावाची एक खोली असते, तिच्यात संगणक हवे ते जग उभे करतो. तिथे होम्सचा खेळ चाललेला असताना, डेटा या यंत्रमानवाला हरवू शकेल असा प्रतिस्पर्धी दे, असे कोणीतरी संगणकाला सांगून बसते आणि मोरियार्टीला जाणीव येते. मला या खोलीबाहेर जगायचे आहे, एवढीच त्याची मागणी असते. १९८८ च्या त्या भागात पिकार्ड त्याला खरे ते सांगतो: आज आम्हाला ते शक्य नाही, पण तुला पुसून टाकणार नाही. १९९३ मध्ये मोरियार्टी पुन्हा येतो, दिलेल्या शब्दाचे काय झाले असा जाब विचारतो आणि जहाज ताब्यात घेतो. शेवटी पिकार्ड त्याला एका छोट्या स्मृतिसंचात रचलेल्या विश्वात पाठवतो. मोरियार्टीला मात्र आपण खऱ्या जगात मोकळे झालो असेच वाटत राहते. जहाज वाचवण्यासाठी दुसरा मार्ग नसेलही, पण मला तो शेवट आजही पटत नाही. त्याला आयुष्यभर पुरेल एवढे विश्व मिळाले, मात्र त्यातले काहीच खरे नव्हते.

आता बाबांच्या स्कॉटीकडे येते. १२ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत दाखवलेल्या भागात 'एंटरप्राइज'ला पंच्याहत्तर वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या एका जहाजाची मदतीची हाक ऐकू येते. ते जहाज एका डायसन गोलावर कोसळलेले असते. ही कल्पना फ्रीमन डायसन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली होती: एखाद्या ताऱ्याची सगळी ऊर्जा वापरता यावी म्हणून त्याच्याभोवती उभारलेले प्रचंड कवच. या भागातल्या कवचाचा व्यास वीस कोटी किलोमीटर आहे, म्हणजे सूर्य मधोमध ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या बाहेरच राहील. कोसळलेल्या जहाजातली ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे पोचवणारी यंत्रणा अजून चालू असते, आणि तिच्यात एका माणसाचा आराखडा शाबूत असतो. यंत्रणा सुरू करताच हात गळ्यात बांधलेला स्कॉटी बाहेर येतो. तो निवृत्तीनंतर एका वसाहतीत राहायला निघालेला होता. अपघातात मदत येईपर्यंत तग धरायला दुसरा उपाय नाही असे पाहून, या पठ्ठ्याने स्वतःला यंत्राच्या स्मृतीत घालून तेच चक्र फिरते ठेवले होते. सोबतचा तरुण अधिकारी मात्र त्यातून वाचत नाही.

जहाजावर त्याचे स्वागत मानाने होते, उत्तम खोली मिळते, डॉक्टर तपासून जातात. पण त्याचे मन इंजिन विभागात असते. तिथला प्रमुख जॉर्डी हुशार आणि सज्जन आहे, पण कामाच्या घाईत आहे. म्हाताऱ्याच्या सूचना पाऊण शतकामागच्या आहेत, आणि शेवटी जॉर्डीचा तोल सुटतो. तेव्हा स्कॉटी काय करतो हे बाबांनी नीट वाचावे. तो होलोडेकमध्ये जातो आणि आपल्या पहिल्या 'एंटरप्राइज'चा पूल, म्हणजे जिथून जहाज चालते ती खोली, तयार करायला सांगतो. समोर सगळे जसेच्या तसे उभे राहते, दिवे लुकलुकतात, यंत्रांचा तोच ओळखीचा आवाज येतो, फक्त खुर्च्या रिकाम्या असतात. (निर्मात्यांनी हा पूल पूर्ण बांधला नव्हता, एक भाग उभारला आणि रिकाम्या पुलाचे चित्र जुन्या मालिकेतूनच घेतले.)

तिथे पिकार्ड येतो. उपदेश करायला नव्हे, तर अदबीने आत येतो, स्कॉटीच्या हातातली हिरवी दारू ओळखतो, ती एका घोटात पितो आणि आपल्या पहिल्या जहाजाबद्दल बोलतो. ते जहाज या नव्या जहाजापुढे काहीच नव्हते, पण त्याचे नेतृत्व पुन्हा मिळावे म्हणून मी जवळजवळ काहीही देईन, असे हा करडा माणूस त्या परक्या म्हाताऱ्याजवळ बोलून जातो. थोड्या वेळाने स्कॉटी स्वतःच तो पूल बंद करायला सांगतो. पिकार्डने त्याला तिथे रमू दिले असते तर तेही एका परीने आदरातिथ्यच झाले असते, पण मोरियार्टीसारखेच खोटे झाले असते.

दुसऱ्या दिवशी पिकार्ड जॉर्डीला बोलावतो. कोसळलेल्या जहाजातली जुनी माहिती काढायची आहे आणि ती यंत्रे जाणणारा माणूस आपल्याकडे एकच आहे, तेव्हा त्याच्याबरोबर जा, असे तो सांगतो. हा हुकूम नाही, विनंती आहे, हेही सांगतो. आपला कोणाला तरी उपयोग आहे ही भावना माणसाला फार लागते, हे त्याला ठाऊक आहे. पुढे 'एंटरप्राइज' त्या कवचाच्या आत अडकते, तेव्हा स्कॉटी आणि जॉर्डी मिळून भंगारात जमा झालेले जहाज चालू करतात आणि मिटत आलेल्या दारांत ते पाचरीसारखे घालून धरतात. टाकीच्या दाबाच्या मर्यादेवरून जॉर्डी कचरतो, तेव्हा तो नियम मीच लिहिला होता आणि कागदावर नेहमी हात राखूनच लिहावे, असे स्कॉटी त्याला सांगतो. बाबा, हे वाक्य मी तुमच्या तोंडून वेगळ्या शब्दांत कितीदा ऐकले आहे! शेवटी ते त्याला एक लहान यान देतात आणि तो आपल्या वाटेने निघून जातो.

बाबा, तुम्हाला पुण्यात आणून बाल्कनीत बसवायचे, वर्तमानपत्र आणि चहा हातात द्यायचा आणि बार्शी लाइट रेल्वेच्या आठवणी ऐकायच्या, एवढेच माझ्या मनात असते तर हे पत्र लिहिले नसते. आठवणी मला हव्याच आहेत. पण भोसरीच्या आमच्या शॉपमधल्या जुन्या लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, झिजला आहे, जॉबवर टेपर येतो, म्हणजे तो एका टोकाला बारीक उतरतो, आणि हाताने स्क्रेपिंग करणारा, म्हणजे खरवडून पृष्ठभाग सपाट करणारा, माणूस मिळत नाही. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तुम्ही व्हाइट मेटलची बेअरिंग ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून, कुठे टेकते त्याचा डाग बघून, स्क्रेपरने एकेक ठिपका काढत बसवलीत; आमच्या शॉपमधली दोन पोरे सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे, प्रोग्राम झटपट करतात, पण ब्लूचा डाग वाचणे त्यांना कोणी शिकवलेले नाही. मी त्यांना अजून काही बोललेले नाही. तुमचा होकार आल्यावरच सांगेन, आणि शॉपमध्ये तुमचा शब्द शेवटचा राहील.

आई, तू लगेच विचारशील की बाबांचे झाले, माझे काय. याच पोरांना डिप्लोमाला बसायचे आहे आणि त्रिकोणमितीशी त्यांचे वाकडे आहे. तू शाळेत तीस-तीस मुलांना फळ्यावर शिकवलेस, इथे दोघेच आहेत, तेही संध्याकाळी सहानंतर, आणि टेपरचा कोन त्यांच्या हातातल्या कामातूनच दाखवता येईल.

लेथ दिवाळीनंतर खोलायचा ठरवला आहे, त्याआधी त्याला हात लावणार नाही. बेड सहा फुटी आहे. बेडचा सरळपणा तपासायची स्ट्रेट एज किती लांबीची लागेल ते बाबांनी फोन करून सांगावे, कारण ती मागवून यायला वेळ लागतो. स्क्रेपर तुमचेच आणा, माळ्यावरच्या लाकडी पेटीत असतील.

तुमची लेक